निवळीतला श्वास

आमच्या शाळेत ए-लेव्हलला, म्हणजे अकरावी-बारावीला, रसायन घेणाऱ्या मुलांचा वर्षातला पहिला तास असला की हेमकांती टीचर प्रयोगशाळेच्या खिडक्या लावून घेत. बाहेर आमच्या बेटाच्या दक्षिण टोकाच्या मातर गावचं ऊन, वर तापलेली कौलं, आत पांढऱ्या गणवेशातली घामाघूम पोरं आणि पंखा बंद. वारा लागला की तराजूचा काटा हलतो, असं कारण त्या देत. कारण खरंच होतं. पण नुसत्या वजनासाठी अख्खा तास खिडक्या लावाव्या लागत नाहीत, हे मला शेजारच्या जीवशास्त्राच्या वर्गात कळत होतं आणि मी काही बोलत नव्हतो. त्या माझ्याहून मोठ्या. मी त्यांना अक्का म्हणे, त्या मला मल्ली म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. थोरल्या बहिणीच्या खिडक्यांत धाकट्याने नाक खुपसू नये.

अक्का हाडकुळ्या आणि ताठ. खळ घातलेली सुती साडी, कमरेला कपाटाची किल्ली, बोटांना कायम खडू. मुलं त्यांना घाबरत, पालक त्याहून जास्त. एका बापाने एकदा हात जोडून विचारलं होतं, "टीचर, पोरगा डॉक्टर होईल ना?" अक्का म्हणाल्या, "आधी चंबू धुवायला शिकू दे. नखं बघितलीत त्याची?" बाप बिचारा नखं बघत घरी गेला. दुपारचा डबा त्यांचे यजमान विमलदासअय्या करून देत. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला होता. केळीच्या पानात बांधलेला भात, डाळ आणि संबल, म्हणजे ओल्या नारळाची चटणी. अक्का जेवताना बोलत नसत आणि पानात एक शीत ठेवत नसत.

पहिल्या तासाला पुस्तक उघडायला बंदी होती. पोरं शहरातल्या ट्यूशनमध्ये दोन धडे आधीच उरकून आलेली असत आणि मोल म्हणजे काय ते पोपटासारखं म्हणून दाखवायला टपलेली असत. अक्का त्यांच्याकडे लक्ष न देता एका बशीत कागद जाळत. जाळण्याआधी कागद तोलत, जाळल्यावर राख तोलत. राख हलकी भरे.

"बाकीचं कुठे गेलं?"

"संपलं, टीचर," कोणीतरी हमखास म्हणे.

अक्का लाकडी पट्टी टेबलावर आपटत. "संपलं हा शब्द ह्या खोलीत चालत नाही. घरी म्हणा. भात संपला, मीठ संपलं, काय वाटेल ते. इथे काहीही संपत नाही. त्याचा धूर झाला, वाफ झाली, तुझ्या केसांत जाऊन बसलं, पण आहे. खिडक्या बंद आहेत ना? मग ते ह्याच खोलीत आहे. शोध."

आणि पोरं खरोखर माना वळवून खोलीत बघत. मी दारातून कितीदा तरी हे पाहिलंय. मागच्या रिकाम्या बाकाकडे बघणारं एखादं पोर असेच, आणि ते मग गुपचूप पुढे सरकून बसे.

पुढे तांदूळ. मूठभर तांदूळ टेबलावर ओतून अक्का म्हणत, "मोज." पोरगं मोजायला लागे आणि चुके. "मोजता येत नाही ते तोलायचं. चिमूटभराचं वजन माहीत असलं की पोत्यातले दाणे सांगता येतात. मोल म्हणजे दुसरं काय? तुमच्या ट्यूशनवाल्याने सांगितलं नाही?" मग दोन पदार्थ एकत्र येतात तेव्हा काय होतं ते. एक आधी खर्ची पडतो आणि तोच सगळं ठरवतो. "दुसऱ्याचं काय, टीचर?" "तो उरतो. उरलेल्याला फक्त उरायचं असतं," अक्का म्हणत आणि पुढच्या गोष्टीकडे वळत.

पुढची गोष्ट म्हणजे श्वास. आमच्या शाळेत काचेच्या नळ्या पुरेशा कधीच नव्हत्या. मुलं आदल्या दिवशी घरून पपईच्या पानाचं देठ तोडून आणत. ते पोकळ असतं. विड्याचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला की वर स्वच्छ निवळी राहते. ती चंबूत घ्यायची, देठाचं एक टोक तिच्यात बुडवायचं, दुसरं तोंडात धरायचं आणि फुंकायचं. बघता बघता निवळी दुधाळ होते. आपण सोडलेल्या श्वासातला वायू चुन्याला धरतो आणि त्याचा खडू होतो. "हा तुमचा श्वास," अक्का दुधाळ चंबू वर धरून म्हणत. "आता डोळ्यांनी बघा आणि हाताने तोला." आणखी फुंकत राहिलं तर मात्र खडू विरघळतो आणि पाणी पुन्हा नितळ होतं. तेही त्या करून दाखवत. चुना खर्ची पडला, श्वास उरला.

उपुल हा अक्कांचा एकुलता एक मुलगा. तोही ह्याच वर्गात, ह्याच पहिल्या तासाला बसला होता, मागच्या बाकावर. त्या वर्षी मी शाळेत नवीन होतो आणि प्रयोगाला मदत म्हणून आत उभा होतो. पोरगा उंच, दात पुढे, तोंड सतत चालू. आईला वर्गात टीचर म्हणायचं तर तो असा म्हणे की सगळा वर्ग हसे.

"टीचर, एक शंका आहे."

"घरी विचार."

"घरी टीचर नसतात, अम्मा असते. तिला रसायन येत नाही, ती नुसती भाजीत मीठ जास्त घालते."

वर्ग खिदळला. अक्कांनी पट्टी उचलली, पण ओठ दाबून धरले होते. हसू येत असलं की त्या तसं करत.

"विचार."

"बंद भांड्यात वजन बदलत नाही म्हणता. कायम?"

"कायम."

"मग लावू पैज. माझा श्वास बंद करून ठेवतो. पुढच्या वर्षी तोला. काटा हलला तर तुम्ही मला घरी कधीही अभ्यासाला बसवायचं नाही."

त्याने फुंकलं, निवळी पांढरी झाली. मग त्याने बूच लावलं, मेणबत्ती पेटवून बुचाभोवती मेण ओतलं आणि गरम मेणावर अंगठा दाबून चटका बसल्यावर बोट तोंडात घातलं. अक्कांनी चंबू तोलला. तराजूच्या दुसऱ्या पारड्यातली पितळी वजनं फडक्यात वेगळी बांधून चंबूबरोबरच कपाटात ठेवली, म्हणजे आकडा लिहायलाही नको. टेबलावर उपुलचं देठ पडलं होतं. त्याचं टोक चावून चोथा केलं होतं. पपईचं देठ जहर कडू असतं. एकदा दात लागला की माणूस पुन्हा चावत नाही. हा चावायचा. पेन्सिल, सदऱ्याची कॉलर, देठ, जे तोंडाशी येईल ते.

ए-लेव्हलची परीक्षा त्याने दिलीच नाही. तरुण पोरं रस्त्यावरून उचलून नेली जात त्या आमच्याकडच्या काळाला लोक नुसतं 'भीषण' म्हणतात, पुढे काही बोलत नाहीत. एका संध्याकाळी तो सायकलवरून क्लासहून घरी येत होता. सायकल सापडली. नेणाऱ्यांच्या गाडीला नंबर नव्हता, आणि नंतर अक्का आणि अय्या ठाण्यांच्या, छावण्यांच्या ज्या ज्या दारांत जाऊन बसले तिथे कोणाला काही माहीत नव्हतं.

माणूस गेला की आम्ही सातव्या दिवशी दान देतो, मग तीन महिन्यांनी, मग वर्षाने. भिक्षूंना जेवू घालायचं. मग सुरईतून वाटीत पाणी ओतायचं, वाटी भरून ताटात सांडेपर्यंत ओतत राहायचं आणि मिळालेलं पुण्य गेलेल्याच्या नावे सोडायचं. पाणी ओतणाऱ्याच्या हाताला घरातल्या सगळ्यांचे हात लागलेले असावे लागतात. हे झालं नाही तर गेलेला पुढे जात नाही, उपाशीपोटी घराभोवती घुटमळतो, असं मानतात. मी जीवशास्त्राचा मास्तर, मला असलं मानणं परवडत नाही. तरी माझ्या आईचं दान मी तिन्ही वेळा दिलं. उगाच कशाला.

अक्कांनी दान दिलं नाही. सातव्या दिवशी नाही, वर्षाने नाही, कधीच नाही. गावातल्या बायका समजूत घालायला आल्या तर म्हणाल्या, "दान गेलेल्याला देतात. माझा मुलगा गेलेला नाही, नेलेला आहे."

पुढच्या वर्षी नव्या मुलांच्या पहिल्या तासाला त्यांनी कपाट उघडून चंबू काढला आणि तीच वजनं घालून तोलला. काटा मधोमध. "बघा," त्या म्हणाल्या, "काहीही कमी झालेलं नाही." मुलांना वाटलं, हा धडा आहे. मला त्यांचा चेहरा दिसत होता, मला तसं वाटलं नाही. तेव्हापासून दर वर्षी हेच. मुलं बदलली, मुख्याध्यापक बदलले, तराजूची काच बदलली. काटा मधोमध.

आता ज्या गोष्टी मला सांगायला आवडत नाहीत त्या.

वर्षभर कपाटात राहिलेल्या चंबूत खडू तळाला बसतो आणि वर पाणी नितळ राहतं. राहायलाच हवं. पण पहिल्या तासाला कपाट उघडलं की चंबू दुधाळ असायचा, नुकताच कोणी हलवून ठेवल्यासारखा. किल्ली अक्कांच्या कमरेला. मी म्हणायचो, रस्त्यावरून लाकडाचे ट्रक जातात, कपाट थरथरतं. अक्का म्हणायच्या, "हो का." तासानंतर मुलं आपापली देठं मोरीजवळच्या टोपलीत टाकत. ती टोपली मीच रिकामी करायचो, आणि तिच्यात चावून चोथा केलेलं एक देठ निघायचंच. एखाद्या वर्षी ठीक आहे, पोरं काहीही चावतात. पण दर वर्षी? एका वर्षी मी मुद्दाम दारात उभा राहून प्रत्येकाचं देठ टाकायच्या आधी बघितलं. सगळी टोकं धड होती. तरी टोपलीत ते निघालंच. मी ते खिडकीबाहेर भिरकावलं आणि अक्कांना सांगितलं नाही. कँटीनवाली मात्र चहा देताना एकदा सहज म्हणाली, "सर, तुमच्या त्या खोलीत एक मुलगा अजून पासच झाला नाही वाटतं." मी तिला झापलं. त्या दिवसापासून माझ्या चहात साखर कमी पडू लागली.

अक्कांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष उजाडलं. निवृत्त होताना कपाट रिकामं करून द्यावं लागतं. चंबू घरी नेता आला असता, पण घरी विमलदासअय्या होते. ते अलीकडे अंथरुणाला खिळत चालले होते आणि त्यांचं एकच म्हणणं होतं, मरायच्या आधी मुलाचं दान देऊन टाकू. ह्याच एका गोष्टीवरून दोघांमध्ये आधी भांडण आणि मग अबोला झाला होता. चंबू घरी जाणं म्हणजे भांडण घरी नेणं.

नव्या मुलांच्या पहिल्या तासाच्या आदल्या दुपारी अक्कांनी मला हाक मारली. आवाज वेगळाच होता. मी गेलो तर कपाट उघडं आणि चंबू टेबलावर. आत पाणी. नुसतं पाणी, विहिरीच्या पाण्यासारखं नितळ. मी वाकून तळ बघितला. खडूचा कणही नव्हता.

"बदलला कोणीतरी," मी म्हणालो.

"मेण बघ."

मेण तसंच होतं, पिवळं पडलेलं आणि अखंड. त्यावर अंगठ्याच्या रेषाही तशाच. तो अंगठा कोणाचा हे मला माहीत होतं, चटका बसल्यावर तो तोंडात जाताना मी पाहिला होता.

अक्कांनी फडकं सोडून वजनं एका पारड्यात ठेवली, दुसऱ्यात चंबू. चंबूचं पारडं खाली गेलं. हळूच गेलं आणि तिथेच राहिलं.

मी खिडक्या पाहिल्या, बंद होत्या. पारडी पुसली, वजनं पुसली, पुन्हा ठेवली. पारडं पुन्हा खाली. चंबू गळत असता तर हलका झाला असता. खडू आपोआप विरघळत नाही. त्याला एकच गोष्ट विरघळवते, आणि ती अक्का दर वर्षी करून दाखवत होत्या. आणखी फुंकलं की पाणी निवळतं. भीती वाटली, हे सरळ सांगून टाकतो.

अक्का मात्र हसत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना दात दाखवून हसताना पाहिलं नव्हतं. उपुलचे दात कोणावर गेले होते ते मला त्या दिवशी कळलं.

"तो श्वास घेतोय, मल्ली," त्या म्हणाल्या. "कुठेतरी अजून घेतोय. चल माझ्याबरोबर, ह्यांना सांग. माझं ते ऐकत नाहीत."

मी मोटरसायकलवर त्यांना घरी सोडलं. ऊन उतरलं होतं. विमलदासअय्या कुंपणाशी, बदामाच्या झाडाखाली, काठीवर भार टाकून उभे होते. दुसऱ्या हातात केळीच्या पानाचा द्रोण होता आणि त्यात भात, आंबट मासळीचा तुकडा आणि कोवळ्या फणसाची भाजी. त्यांनी तो कुंपणाबाहेर ठेवला आणि मागे न बघता वळले. वळले ते आमच्याच समोर.

"हे काय करताय?" अक्कांनी विचारलं.

"रोज करतो. तू शाळेच्या वह्या तपासत बसतेस तेव्हा."

"कोणासाठी?"

"तुला माहीत आहे कोणासाठी. हेमा, तो तिथे उभा असतो. तिन्हीसांजेला मला त्याची कॉलर दिसते, चावलेली. फाटकातून आत येत नाही. आपण बोलावलंही नाही आणि जाऊही दिलं नाही, तर तो येणार कसा आणि जाणार कसा?"

"त्याच्या श्वासाचं वजन वाढलंय. विचारा ह्याला. मल्ली, सांग."

अय्या माझ्याकडे बघत राहिले. मी मान हलवली. वजन वाढलं होतं, ते नाकारणार कसं?

अय्या खाली पायरीवर बसले. "मग तर झालंच," ते म्हणाले. "इतकी वर्षं तो नुसता उभा होता. आता धापा टाकतोय. मला आता जास्त दिवस नाहीत गं. मी गेल्यावर ह्याला भातही कोण घालणार आहे? तू त्याला कपाटात ठेवशील."

"दान दिलं म्हणजे मी मान्य केलं. मी करणार नाही."

"नको करूस." म्हातारा रडायला लागला. आवाज न करता रडत होता, बघवेना. मी चहाही न घेता निघालो. कुंपणाबाहेरच्या द्रोणाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि मी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी मला साक्षीला वर्गात उभं केलं. खिडक्या बंद. कागद जळला, राख हलकी भरली. एक पोरगा संपलं म्हणाला, पट्टी आपटली. मग तांदूळ, मग देठं आणि फुंकर. सगळं दर वर्षीसारखं. शेवटी अक्कांनी तो चंबू मध्ये ठेवला. बोलताना त्यांचा आवाज कापत होता, आनंदाने.

"ह्यात एका मुलाचा श्वास आहे. बंद आहे. तरी पाणी निवळलंय आणि वजन वाढलंय. ह्याचा अर्थ काय, सांगा."

पहिल्या बाकावर नदीशा नावाची मुलगी होती. ती भयंकर बडबडी, आदल्या दिवशी माझ्या तासाला मी तिला दोनदा गप्प बसवलं होतं. तिने हात वर केला.

"टीचर, म्हणजे आत कोणीतरी अजून फुंकतंय."

"बरोबर. अजून श्वास घेतंय."

"घेत नाही, टीचर, सोडतंय." मुलीने चंबूकडे बघत कपाळाला आठ्या घातल्या. ती गणित सोडवत होती, तिला बाकी काही ठाऊक नव्हतं. "चुना तर खर्ची पडला. आता त्याचा श्वास धरायला आत काही नाही. आणि बूच लावलेलं आहे. मग तो घेतो कुठला? त्याने सोडलेलाच परत? टीचर, तो गुदमरत असेल."

खोलीत आधीच उकाडा होता. आता कोणी हालत नव्हतं, पोरं देठं हातात धरून बसली होती. टेबलावरच्या चंबूच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या वर, धुकं धरलेलं मला दिसलं. ते थोडं विरलं आणि पुन्हा धरलं. मग पुन्हा. उकाड्याने काचेवर वाफ धरते, हे मी मुलांना दर वर्षी शिकवतो. पण वाफ अशी थांबून थांबून धरत नाही.

अक्काही तेच बघत होत्या. त्यांच्या तोंडावरचं हसू ओसरलं. त्या स्टुलावर बसल्या. मला वाटलं, आता ह्या पडतात. मी पुढे झालो तर त्यांनी हाताने थांबवलं.

"बरोबर आहे मुली तुझं," त्या म्हणाल्या. "मी बूच बघितलंच नाही. मी नुसती वजनं बघत राहिले."

त्यांनी कपाटातून आम्लाची बाटली काढली आणि आम्ल एका चोचीच्या पात्रात भरून घेतलं. मग चाकूने मेण कापलं. अंगठ्याची खूण मात्र कापली नाही, ती अख्खी सोडवून रुमालात ठेवली. बूच निघताना आवाज झाला. मोठा नव्हता, कोणीतरी बराच वेळ दाबून धरलेला सुस्कारा सोडावा तेवढाच. मागच्या बाकावरची दोन पोरं उठून भिंतीला टेकली.

"घाबरू नका," अक्का म्हणाल्या. "इथे या. माझ्या हाताला हात लावा. हात पुरत नसेल त्याने पुढच्याच्या खांद्याला लावा."

मुलांना काय चाललंय ते कळलं. आमच्याकडे प्रत्येक घरात हे झालेलं असतं, प्रत्येक पोराने कधीतरी आजोबांसाठी, कधीतरी आत्यासाठी असा हात पुढे केलेला असतो. पांढऱ्या गणवेशातली सगळी पोरं टेबलाभोवती गोळा झाली. नदीशाने अक्कांचं मनगट धरलं. मी शेवटी होतो, एका मुलाच्या खांद्यावर हात ठेवून. माझ्या मागे कोणी नव्हतं. तरी माझ्या खांद्यावर हात पडला. हलका, पण पडला. मी वळून बघितलं नाही. वळू नये एवढं मला आईच्या दानापासून माहीत आहे.

अक्का आम्ल ओतू लागल्या, सुरईतून पाणी ओततात तसं, बारीक धारेने, न थांबता. नद्यांचं पाणी समुद्राला भरतं त्या अर्थाची गाथा भिक्षू म्हणतात, ती त्या स्वतःच पुटपुटत होत्या. नितळ पाण्यातून बुडबुडे निघाले. कुठून निघतात ते दिसत नव्हतं. आधी थोडे, मग भराभर, चंबूच्या गळ्यापर्यंत. एवढ्याशा पाण्यात इतका श्वास मावला कसा, कोणास ठाऊक. पाणी चढत काठाशी आलं, काठावरून सांडलं, टेबलावर पसरलं, तरी अक्का ओतत राहिल्या. मग बुडबुडे कमी झाले. एक आला. बराच वेळाने आणखी एक.

"संपलं," अक्का म्हणाल्या.

तो शब्द त्या खोलीत त्यांच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. माझ्या खांद्यावरचा हात तेव्हा नव्हता. कधी उचलला गेला ते मला कळलं नाही.

"खिडक्या उघडा," अक्का म्हणाल्या. "सगळ्या."

पोरांनी धावत जाऊन खिडक्या उघडल्या. समुद्राकडचा वारा आत आला, राखेची बशी उपडी झाली, तराजूची पारडी एकमेकांवर आपटून वाजत राहिली. कोणी ती थांबवली नाहीत. त्या दिवशी टोपली मी रिकामी केली तेव्हा एकूण एक देठ धड होतं.

शनिवारी दान ठरलं. आदल्या तिन्हीसांजेला अय्यांनी खुर्चीत बसून सगळा स्वयंपाक सांगितला आणि अक्कांनी केला. भाजीत मीठ जास्त पडलं. अय्या म्हणाले, "राहू दे, त्याला तसंच माहीत आहे." कुंपणाबाहेर द्रोण ठेवायला या वेळी दोघं गेले. मी अय्यांना धरून होतो. ठेवून तिघंही मागे न बघता घरात आलो. घरात कोणी दिवा लावायची घाई केली नाही.

सकाळी, भिक्षू यायच्या आधी, अक्का बाहेर गेल्या आणि मी त्यांच्या मागे. द्रोण रिकामा होता, चाटूनपुसून. कुत्री असतात, मी म्हणणार होतो. द्रोणाशेजारी पपईचं एक ताजं देठ पडलं होतं, दोन्ही टोकं धड. चावलेलं नव्हतं.

अक्कांनी ते उचललं. दोन्ही टोकं बोटाने चाचपून पाहिली. मग तोंडात घातलं आणि दातांनी चावलं. त्यांचा चेहरा आक्रसला, तरी थुंकल्या नाहीत.

"किती कडू आहे रे," त्या म्हणाल्या. "हे पोर कसं चावायचं?"

आणि मग त्या रडल्या, उपुलला नेल्यापासून पहिल्यांदाच. पायरीवर बसून, देठ मुठीत धरून, शेजारीपाजारी जमतील एवढ्या मोठ्याने रडल्या. आतून अय्यांनी विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं, "काही नाही अय्या, अक्का रडताहेत." म्हाताऱ्याने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.